तारेतला पाहुणा

टेलिफोनची लाइन साफ झाली त्या संध्याकाळी मी कामावरून घरी फोन लावला, तर बायकोच्या आवाजामागे तो पुरुष बोलतच होता. बारीक, डब्यात कोंडलेल्या माशीसारखा, पण कान दिला तर शब्द न् शब्द कळावा असा. मी विचारलं, मागे कोण आहे? "कोण असणार? पाहुणा तुमचा," ती म्हणाली आणि हसली. लग्न झाल्यापासून ती याच वाक्यावर असंच हसत आलीय आणि मीही हसत आलोय. त्या दिवशी मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं, कारण पाहुण्याला मी त्याच दुपारी हाकलून दिलं होतं. टेबलाखाली पालथा पडून, हातात पक्कड घेऊन, नाकातोंडात धूळ घेऊन हाकललं होतं. आता तो तारेत नव्हता. मग होता कुठे? यायला उशीर होईल असं काहीतरी मी बोललो आणि फोन ठेवला. समोर मॉनिटरवर, म्हणजे आमचंच प्रक्षेपण ऐकायला ठेवलेल्या स्पीकरवर, तोच पुरुष तेच वाक्य पुरं करत होता.

हा पाहुणा कोण ते आधी सांगितलं पाहिजे. मी रेडिओच्या ट्रान्समीटरवर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्याची दोन घरं असतात. एक शहराच्या मधोमध, स्टुडिओ. तिथे गाणारे, बोलणारे, कौतुक करून घेणारे लोक राहतात. दुसरं शहर संपल्यावर, पाणथळ माळावर, जिथे गवत, बेडूक, एक उंच लोखंडी मनोरा आणि आम्ही. स्टुडिओतून आलेल्या आवाजाला आम्ही बळ देतो आणि मनोऱ्यावरून गावभर सोडतो. पण एवढं बळ एका जागी उभं केलं की ते नुसतं वर जात नाही. आवारात जिथे म्हणून तार आहे तिथे ते शिरतं. आमच्या कुंपणाचा एक गंजका सांधा बातम्या द्यायचा. छपराची पन्हळ एका थंडीत आठवडाभर गात होती. टेलिफोनचं तर विचारूच नका, बारा महिने तेरा काळ त्यात निवेदक बसलेला. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिथून घरी फोन केला तेव्हा बायको घाबरून कुजबुजली, अहो, तुमच्या शेजारी बसून कोण बोलतंय? मी तिला सगळं शास्त्र समजावून सांगितलं, अगदी मनोऱ्यापासून. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे न बोलावता आलेला पाहुणाच की. तेव्हापासून तो पाहुणा. पाहुण्याला सर्दी झालीय. पाहुणा आज रंगात आहे. पाहुण्याला म्हणावं, जरा आम्हालाही बोलू दे. नवराबायकोत दोनचार थट्टेची वाक्यं फक्त त्यांची अशी असतात, त्यातलं हे आमचं. आमच्याकडे फार नव्हती.

पाहुण्याला हाकलायचं असं कोणी ठरवलं नव्हतं. तो दुसऱ्याच कामात मध्ये आला. आमचा ट्रान्समीटर म्हणजे माणसाहून उंच कपाटांची रांग, आणि प्रत्येक कपाटाच्या दाराला एक छोटा स्विच असतो. आत हात गेला तर माणूस उरत नाही, म्हणून दार किंचित जरी उघडलं तरी सगळं आपोआप बंद पडावं अशी सोय. त्या स्विचपासून बारीक तारा निघतात आणि पार दुसऱ्या टोकाच्या रिलेला, म्हणजे वीज धरून ठेवणाऱ्या खटक्याला, जाऊन मिळतात. या तारा हल्ली आमचाच कार्यक्रम धरायला लागल्या होत्या. मोठा आवाज आला की तारेत नको ती वीज चढायची, रिलेला वाटायचं दार उघडलं, आणि तो हात सोडून द्यायचा. सगळं बंद. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच परत चालू. दारं बघावीत तर सगळी घट्ट लावलेली. गंमत अशी की गाण्याला हे फार व्हायचं नाही, निवेदक हसला की व्हायचं. त्याचं हसू पोटातून येतं, एकदम, दार ढकलून आत आल्यासारखं. तो हसला की गावभर रेडिओ गप्प. माझ्याबरोबर पाळीला काका असतात, निवृत्तीला टेकलेले तंत्रज्ञ. ते म्हणायचे, याला विनोद सांगतो त्याला आधी पकडा. शेवटी स्टुडिओने तक्रार केली, मोठ्या साहेबांनी आम्हालाच झापलं, आणि मी आणि काका त्या बारीक तारांच्या हात धुऊन मागे लागलो.

मला हे काम मनापासून आवडतं. जुन्या तारा काढून जाळीचं कवच असलेल्या नव्या घालायच्या, जोडीजोडीने पिळायच्या, कवच तांब्याच्या पट्टीला आवळून जमिनीत पोचवायचं, रिलेच्या तोंडाशी कपॅसिटर लावायचा म्हणजे नको ती वीज तिथल्या तिथे मातीत जाते, आणि तारेवर काळ्या जड कड्या ओवायच्या. एवढे दागिने मी माझ्या लेकीलाही घातले नाहीत, काका म्हणाले. तरी निवेदक हसला की रिले सुटायचाच. खरा चोर शेवटी सापडला. जाड केबलमध्ये बऱ्याच तारा असतात, त्यातल्या काही कामाच्या, बाकीच्या पुढेमागे लागतील म्हणून सोडून दिलेल्या, दोन्ही टोकांना मोकळ्या. त्या कोणाच्या नसतात, त्यांच्यावर काही जबाबदारी नसते, आणि नेमक्या त्याच सगळ्यात जास्त धरतात आणि शेजारच्या कामाच्या तारेला देतात. रिकामी तार मातीला बांधून टाकायची हा आमच्यातला नियम. तो कधीकाळी कोणीतरी पाळला नव्हता. मी सगळ्या रिकाम्या तारा एकत्र पिळून जमिनीला बांधल्या, आणि निवेदकाचं हसू पहिल्यांदा अखंड बाहेर गेलं. त्याच भरात टेलिफोनच्या तारेलाही कड्या घातल्या, तिचीही रिकामी जोडी बांधून टाकली. रिसीव्हर उचलून कानाला लावला, तर नुसती टेलिफोनची सूं. इतकी स्वच्छ शांतता मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. वाटलं, बायकोला म्हणावं, बघ, पाहुणा गेला. तेच सांगायला मी फोन लावला होता.

एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणारा मी नाही. त्याच खुर्चीत बसून आईला फोन लावला. ती म्हणाली, चुकून लागला का रे? मी म्हटलं, नाही, सहजच. सहजच म्हटल्यावर ती जास्तच धास्तावली. मग तिचे गुडघे, भावाची बदली, वहिनीचा स्वभाव असं सगळं ऐकून घेतलं, आणि त्या सगळ्यात पाहुण्याचा मागमूस नव्हता. म्हणजे माझ्या बाजूची तार स्वच्छ होती. आवाज घरातून येत होता. स्वयंपाकघरातल्या फळीवर जो जुना रेडिओ आहे त्यातून येत होता, कारण आमचा टेलिफोन स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे. यात काय मोठंसं, असं कोणीही म्हणेल. बाई घरात एकटी असते, रेडिओ लावते. पण माझ्या बायकोने या घरात आल्या आल्या मला सांगितलं होतं की रेडिओने तिचं डोकं उठतं; दिवसभर तुम्ही त्याच्याच मागे, घरात तरी तो नको. मी स्वतः त्या सेटवर खोळ घातली होती. बरं, लावला तर लावला. रेडिओ लावलाय, एवढं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली, पाहुणा. खोटं बोलताना माणसं काहीतरी नवीन शोधतात. हिने आमच्या दोघांचं जे होतं तेच घेतलं, आणि ते मला फार लागलं.

मी तिला काही बोललो नाही. लाइन साफ झाल्याचंही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन करायचो आणि कान तिच्याकडे नाही, तिच्या मागे लावायचो. तो असायचाच. पाहुणा आहे वाटतं, मी म्हणायचो. आहे ना, ती म्हणायची, आणि त्यात मला सुटकेचा एक चोरटा श्वास ऐकू यायचा, किंवा नुसता वाटायचा. हल्ली या दोहोंतला फरक मला सांगता येत नव्हता. तिचं खोटं तिला नीट सांभाळता यावं म्हणून मीच तिला रोज आडोसा करून देत होतो, आणि तो ती घेते म्हणून जळत होतो. जळणं हा शब्द अगदी बरोबर आहे. छातीच्या थोडं खाली, पित्त उठावं तसं. घरी गेलं की पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचं आणि ती पाठमोरी असताना रेडिओच्या पाठीवर हात ठेवायचा. विजेवर चालणारा जुना सेट, बराच वेळ वाजला की मागून कोमट होतो. आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा ठेवायचो. कोमट. खोळ मात्र जागच्या जागी, तिची एक सुरकुती इकडची तिकडे नाही. त्या कोमटपणापेक्षा तो खोळीचा नीटपणा मला जास्त झोंबायचा.

निवेदकाला मी ओळखतो म्हणजे एकदाच भेटलोय. केंद्राच्या वर्धापनदिनाला दोन्ही घरांतल्या लोकांना सहकुटुंब बोलावलं होतं. आवाजावरून हा गृहस्थ उंचापुरा वाटतो. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला येईल एवढा, दात थोडे पुढे, कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत. त्याला बघून मला बरंच वाटलं होतं. पण त्याने तोंड उघडलं आणि आजूबाजूच्या बायका एकदम त्याच्याकडे वळल्या, माझी त्यांतच. "वहिनी, यांचे उपकार आहेत हो," तो तिला म्हणाला. "हे नसते तर मी त्या स्टुडिओच्या भिंतींशी बोलत बसलो असतो. हेच मला घरोघरी पोचवतात." आणि हसला, ते पोटातलं. बायकोही हसली. इतकी मान मागे टाकून ती घरात कधी हसलेली मला आठवत नाही. मी दोघांच्या मध्ये आइस्क्रीमच्या बशा धरून उभा होतो. तेव्हा ते वाक्य मी मानाने घेतलं, काकांनाही दोनदा ऐकवलं. आता संध्याकाळी खिडकीतून मनोऱ्याकडे बघताना तेच अंगावर यायचं. मी त्याला घरोघरी पोचवतो. माझं घर त्यातच आलं. मी त्याला बळ देतो, त्याचं हसू मध्ये तुटू नये म्हणून गुडघे सोलून घेतो, आणि तो माझ्याच खांद्यावरून माझ्या स्वयंपाकघरात उतरतो. नेमका त्या वेळी मी घरी नसतो, कारण मी त्याला पोचवत असतो. एकदा तर डोक्यात आलं की हल्ली अर्धे कार्यक्रम आधीच टेप करून ठेवलेले असतात. मग टेप वाजत असताना हा स्वतः कुठे असतो? हा विचार इतका हलकट होता की मी इकडेतिकडे पाहिलं. काकांनी विचारलं, काय हरवलं? काही नाही म्हटलं.

आणि तिच्यात फरक पडला होता, हे तर उघड होतं. तारा दुरुस्त झाल्या त्याच सुमारास ती गुणगुणायला लागली. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या करताना. त्याआधी काही दिवस असे जायचे की मी जिना चढून येतो तो ती घंटा वाजायच्या आतच दार उघडून उभी, चेहरा ओढलेला, केसांना कंगवा लागलेला नाही. मला वरपासून खालपर्यंत बघून घ्यायची आणि एक अक्षर न बोलता आत जायची. त्याचाही अर्थ मी आता लावला. वाट कोणाची तरी पाहत असणार, आणि यायचो मी. हल्ली मात्र मला घंटा वाजवून दारात ताटकळावं लागायचं, आणि दार उघडायची ती आनंदात. माझ्या डोक्यात आमच्या धंद्यातला नियम जाऊन बसला होता. रिकामी तार सगळ्यात जास्त धरते. मूलबाळ नाही. नोकरी होती ती तिने माझ्या वेड्यावाकड्या पाळ्यांपायी सोडलेली. दुपारपासून मी येईपर्यंतचा तिचा वेळ दोन्ही टोकांना मोकळा. त्यात कोणीतरी शिरणारच, आणि मी तिला कशालाच बांधलं नव्हतं. हे मी मनात आकृती काढल्यासारखं मांडायचो, आणि प्रत्येक रेघ जिथल्या तिथे जुळायची. रडू यायला हवं होतं तिथे, आकृती बरोबर आली याचं मला समाधान व्हायचं.

एका संध्याकाळी असाच रेडिओच्या पाठीवर हात ठेवला असताना तळव्यातला व्रण दुखला. तो भाजल्याचा आहे. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक खोली असते, तिथे तांब्याच्या नळीला माझा हात लागला होता, प्रक्षेपण चालू असताना. साध्या विजेचा झटका बसतो आणि माणूस दूर फेकला जातो. ही वीज तसं करत नाही, ती आतून भाजते. आधी वास येतो, मग कळतं की तो आपलाच. काकांनी धावत जाऊन लाल बटण दाबलं, स्टेशन बंद केलं, मला दवाखान्यात नेलं, आणि मग बऱ्याच वेळाने घरी फोन केला. बायको आली ती चष्मा न घालता. चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचं दिसत नाही. दारापाशीच्या खाटेवर बँडेज बांधलेला एक माणूस होता. ती सरळ त्याच्याजवळ बसली, त्याचा हात धरला आणि रडायला लागली. मी दोन खाटा पलीकडून बघत होतो. हाक मारायची फक्त. पण मी मारली नाही. मला बघायचं होतं की ती माझ्यासाठी किती रडते. आणि तो माणूस, अगदी परका, डोळे मिटून तिचा हात आपल्या हातात राहू देत होता, त्याचाच मला राग आला. शेवटी नर्सने तिला माझ्याकडे आणून बसवलं. ती वाकून, बँडेज डोळ्यांशी नेऊन म्हणाली, लागलं का? हाताला एवढा पांढरा गोळा, आणि विचारते लागलं का. नंतर तेच तिचं चालू झालं. मी घरी आलो की दारातच, लागलं का कुठे? निघताना, लागून घेऊ नका हं. दिवसातून कितीदा तरी कामावर फोन करायची, नुसतं तेवढंच विचारायला. काका गालातल्या गालात हसायचे. एक दिवस मी तिच्यावर ओरडलो. "हा प्रश्न मला परत विचारायचा नाही. तुझ्या या विचारण्यानेच एखाद दिवशी लागेल. आणि कामावर फोन तर अजिबात करायचा नाही, मी करीन तो करीन." पुन्हा तिने खरंच कधी विचारलं नाही, फोनही केला नाही. मला वाटलं, विसरली. रेडिओवरचा हात काढून मी पाणी प्यायलो. ती पाठमोरी उभी राहून गुणगुणत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती संध्याकाळ आली. काका बाहेर व्हरांड्यात डबा उघडून बसले होते. निवेदकाचा श्रोत्यांशी गप्पांचा कार्यक्रम चालू होता आणि त्या दिवशी त्याने आवाज फार खाली आणला होता, कानाशी बोलतात तितका. दिवसभर खूप राबलात, तो म्हणत होता. आता हातातलं काम बाजूला ठेवा. जरा बसा. मी आहे. त्याने ते 'मी आहे' म्हटलं आणि मी उठून उभा राहिलो. त्याला कोणी विचारलं होतं? मी आहे म्हणायला मी आहे. मी घरी फोन लावला. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजत राहिला, मग ती आली आणि म्हणाली, हं, बोला. काय करतेस, मी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "बसलेय जरा." त्याने बसा म्हटलं होतं आणि ती बसली होती. मी विचारलं, पाहुणा? आहे ना, चांगला रंगात आहे, ती म्हणाली, आणि लगेच, ठेवू का, दूध आहे गॅसवर. बसलीयही, आणि दूधही गॅसवर. मी फोन ठेवला.

नको तो आवाज कुठून येतोय हे कळत नसेल तर आमच्याकडे आधी ट्रान्समीटर बंद करून बघतात. आवाज गेला तर तो आपलाच. पण मला काही शोधायचं नव्हतं, मला सगळं ठाऊक होतं. मला फक्त त्याचं तोंड बंद करायचं होतं. लाल बटण माझ्या डाव्या हाताला असतं. मी ते दाबलं. रिले धाडधाड सुटले, कपाटांची घरघर उतरत गेली, आणि मॉनिटरवर निवेदक 'तुमच्या मनातलं' असं म्हणता म्हणता 'मना'वर तुटला. बाहेरचे बेडूक ऐकू यायला लागले. काकांनी दारातून विचारलं, सुटला का परत? मी म्हटलं, बघतो, तुम्ही जेवा. आणि मला फार आनंद झाला. अख्ख्या गावातल्या स्वयंपाकघरांतून मी त्याला कॉलर धरून बाहेर काढला होता, त्यातल्या एकाशीच मला कर्तव्य होतं तरी. तिकडे स्टुडिओत तो अजून बोलतच असणार, बाह्या सावरत, मी आहे, मी आहे. हिरवं बटण उजव्या हाताला होतं. मी तिकडे हात नेला नाही. पातं लवेपर्यंतची शांतता मला नको होती, चांगली पोटभर हवी होती. तिने उठावं, सेटला चापट्या माराव्यात, बटणं पिळावीत, चडफडावं. मी तिची चडफड एकेक करून डोळ्यांसमोर आणत होतो.

फोन वाजला. स्टुडिओ असणार. सांगायचं वाक्य तयार होतं, रिले सुटला म्हणून. मी रिसीव्हर उचलला.

"अहो," कोणीतरी म्हणालं, आणि मला आवाज ओळखूच आला नाही. त्याच्यामागे कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत फोनवर तिच्या आवाजामागे काहीच नाही असं पहिल्यांदा होत होतं, आणि तो एकटा कसा असतो हे मला माहीत नव्हतं. तिला धाप लागली होती.

"अहो, लागलं का?"

मी लाल बटणाकडे बघत राहिलो.

"बोला ना. लागलं का तुम्हाला? पातं लवेपर्यंत जातो आणि येतो, तेवढा मी दम धरते. इतका वेळ कधीच बंद नसतो. आज येईचना. अहो?"

"नाही लागलं," मी म्हटलं.

"खरं सांगा. काकांना द्या फोन."

मी म्हटलं, अगं खरंच नाही, मीच बोलतोय ना. तिला ते पटलं नाही. ती नुसती श्वास घेत राहिली, आणि मला दार उघडून उभी असलेली ती आठवायला लागली, ओढलेल्या चेहऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघणारी. त्या त्या दिवशी निवेदक किती हसला असेल, रिले किती सुटला असेल, हे मी मनात जुळवायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. मला लाज वाटली. इतकी की व्हरांड्यातले काका आत आले तर त्यांना तोंड कसं दाखवायचं हे मला कळेना. मी उजवा हात लांब करून हिरवं बटण दाबलं. कपाटांची घरघर चढली. मॉनिटरवर आणि रिसीव्हरमध्ये, इथे आणि माझ्या स्वयंपाकघरात, निवेदक एकाच वेळी उगवला, कुठल्यातरी वाक्याच्या मधोमध. इतका वेळ आपण कोणाशीच बोलत नव्हतो याचा त्याला पत्ता नव्हता.

तिने श्वास सोडला.

"आला," ती म्हणाली.

"कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कोण काय? तुमचा आवाज." आणि मग, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, दूध गेलं वाटतं सगळं उतू, असं म्हणत तिने फोन ठेवला. माझ्या उत्तराची तिला गरज नव्हती.

रिसीव्हर खाली ठेवला तोच पुन्हा वाजला. या वेळी स्टुडिओतला ड्यूटी ऑफिसर होता, लाइन लागत नव्हती म्हणून आधीच चिडलेला. काय झालं म्हणून विचारायला लागला. मी ठरलेलं वाक्य सांगितलं, रिले सुटला. परत? तो म्हणाला. सगळ्या तारा नीट बांधल्या म्हणून तुम्हीच कळवलं होतं ना?

"एक राहिली होती," मी म्हटलं.